मामांच्या बोटांची वेबसाइट

मित्रांनो, मी एक वेबसाइट आहे आणि वेबसाइटच्या मानाने चांगलीच म्हातारी आहे. पांढऱ्यावर काळी अक्षरं, मधूनमधून एखादा अंधूक फोटो, आणि खाली 'पुढचं पान' असं लिहिलेलं. हलणारं, उडणारं, चमकणारं माझ्यात काही नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, पान अर्धवटच उघडलं की काय! माझ्या साधेपणाला लोक खूप हसले. पण त्याच साधेपणामुळे एकदा तेरा मुलींची मोठी परीक्षा पार पडली. ते कसं, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

मला जिने घडवलं तिला सगळे ताई म्हणत. ताई तिच्या मामांच्या दुकानात काम करायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला ताईचं टेबल आणि टेलिफोन, आत मामांचं बाक. कचेऱ्यांमधली टाइपरायटर आणि छपाईची लहानसहान यंत्रं तिथे दुरुस्तीला येत. आलेल्या यंत्राला चिठ्ठी बांधायची, तक्रार लिहून घ्यायची, मामांना चहाची आठवण करायची, हे ताईचं काम. पुढे दुकानात एक कॉम्प्युटर आला आणि तो ताईच्या टेबलावर बसला. रविवारी दुकान बंद असे. त्या दुपारी ताई शटर अर्धं वर करून आत बसायची आणि वेबसाइट बनवायची. कोणी सांगितलं होतं म्हणून नाही, हौस म्हणून.

मी काही तिची पहिली नव्हे. माझ्याआधी दोघी होऊन गेल्या. थोरलीत खिडकीतून दिसणाऱ्या पक्ष्यांची माहिती होती. तिचा रंग जांभळा, अक्षरं पिवळी, आणि वरून सतत चांदण्या पडायच्या, त्यामुळे पक्षी काही धड दिसत नसत. कितीजण येऊन गेले ते मोजणारा एक आकडा तळाशी होता. तो चारशे बारावर पोचला तेव्हा ताईने मामांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले. त्यातले चारशे वेळा ती स्वतःच आली होती, हे मागाहून तिच्या लक्षात आलं.

मधली क्रोशाच्या विणकामाची. ती उघडली की आपोआप गाणं वाजायचं. ताईचा थोरला भाऊ एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याने कौतुकाने ती आपल्या ऑफिसात उघडली आणि त्या शांत ऑफिसात असे काही सनई-ढोल सुरू झाले की साहेब केबिनमधून बाहेर आले. दादाला ते बंद कसं करायचं हे सापडेना. त्या संध्याकाळी त्याने ताईला हात जोडले आणि यापुढे तरी गाणं घालू नकोस असं विनवलं.

म्हणून माझ्यात गाणं नाही. आणि माझ्या जन्माचं कारण तर मुळी हौसेपेक्षा वेगळंच होतं.

मामांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडेने विझत चालली होती. पण दुकान थांबलं नव्हतं, कारण मामा डोळ्यांनी काम करतच नसत. यंत्र बाकावर आलं की ते दोन्ही हात त्यावर ठेवून थोडा वेळ गप्प बसायचे, मग बोटं आपली आपण आत शिरायची. ताई ते रोज बघत होती. एक दिवस तिच्या मनात आलं की हे सगळं मामांबरोबरच संपणार. ती त्यांना म्हणाली, मामा, तू बोल, मी लिहिते. मामांना ते काही पटलं नाही. लिहून कोणाचा हात तयार होत नाही, असं त्यांचं मत. तरी भाचीचा हट्ट म्हणून ते बोलू लागले, आणि त्या बोलण्यातून मी जन्मले.

मामा दिसण्याच्या भाषेत बोलतच नसत. 'उजव्या बाजूने बोट खाली ने, दोन खाचा लागतील, दुसरीपाशी थांब. गार लागेल ती पितळेची पट्टी. ती दाबली की कट्ट असा आवाज आला पाहिजे, कच्च असा आला तर आत धूळ आहे.' ताईने त्यांचा एकही शब्द सुधारला नाही. ती फोटो काढून मजकुराशेजारी लावायची तेव्हा मामा विचारायचे, फोटोत काय दिसतंय ते सांग. ती सांगायची. मामा म्हणायचे, असं नको, नीट सांग. पट्टी कुठल्या बाजूला, स्क्रू तिच्या वर का खाली? मग तिने सवयच करून घेतली. प्रत्येक फोटोमागे त्यात काय आहे ते चार ओळींत लिहायचं आणि मामांना वाचून दाखवायचं. ते मान डोलवतील तेव्हाच पान पुरं.

असं करता करता माझी एकोणीस पानं झाली. लिहिण्याला नावं ठेवणारे मामा आता रविवारी स्वतःहून दुकानात येऊन बसू लागले. "परवाचं ते रिबिनीचं पान वाच बरं," म्हणायचे, आणि ऐकताना हनुवटी वर करून असे बसायचे, जणू दुसऱ्याच कोणा मोठ्या कारागिराची तारीफ चालली आहे.

त्यातलं सतरावं पान जरा निराळं होतं. बँकेतले एक टेलिफोन ऑपरेटर अंध होते. त्यांच्याकडे ब्रेल लिहिण्याचं यंत्र होतं. मित्रांनो, ब्रेल म्हणजे बोटांनी वाचायची लिपी, कागदावर उठलेल्या ठिपक्यांची. त्या यंत्राला सहा कळा असतात. कळा दाबल्या की ठिपके उठतात आणि ओळ संपत आली की घंटी वाजते. त्यांचं यंत्र अडलं तेव्हा मामांनी ते आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. तीन दिवस त्याच्याशी झुंजले. आतली घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग अचानक सुटली आणि त्यांचा अंगठा चांगलाच फाटला. पण यंत्र चाललं. मामांना त्या दुरुस्तीचा एवढा अभिमान की ते पान त्यांनी दोन भागांत सांगितलं. गंमत म्हणजे तेच पान कोणी उघडत नसे.

मग वाईट दिवस आले. आम्हा तिघींना ज्या कंपनीने फुकट जागा दिली होती, तिने कळवलं की महिन्याभरात जागा बंद होणार, आपापलं सामान हलवा. नेमके त्याच महिन्यात मामा हॉस्पिटलात होते. ताई सकाळी त्यांच्याजवळ असायची, दुपारी दुकानात, आणि मधल्या वेळात कासवाच्या गतीच्या त्या इंटरनेटवरून एकेक पान उतरवून घ्यायची. तिघींना वाचवणं शक्य नव्हतं. पक्षी गेले, विणकाम गेलं. तिने मला उचललं. शेवटच्या दिवशी तिने मला नव्या जागेत मांडलं आणि पळत हॉस्पिटल गाठलं. त्या धांदलीत सतराव्या पानाचा दुसरा भाग मागेच राहिला. तिला ते कळलंही नाही. मला कळलं होतं, पण माझं ऐकणार कोण?

मामा गेले. दुकान बंद झालं, तिथे झेरॉक्सवाला आला. ताईला एका वाचनालयात काम मिळालं, संसार वाढला. नऊ वर्षं तिने मला हात लावला नाही. मी खोटं कशाला बोलू, त्या वर्षांत मी फार खचले. दिवसच्या दिवस कोणी यायचं नाही. माझ्यातले बाहेर जाणारे रस्ते एकेक करून बंद पडले. जिथे नेतात तिथे आता काही उरलंच नव्हतं. दरवर्षी माझ्या जागेची मुदत संपत आली की दादा ताईला म्हणायचा, बंद करून टाक, नाहीतर निदान नवीन रूप तरी दे, हे फार गावठी दिसतं. आणि दरवर्षी ताई पैसे भरून मुदत वाढवायची. एकदाच तिने कारण सांगितलं. "राहू दे दादा. मामाचं बोलणं आहे त्यात."

आता जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ताईने ते मागाहून माझ्यातच लिहिलं, म्हणून मला ठाऊक आहे.

दूरच्या एका गावी अंध मुलींची शाळा आहे. शाळेत ब्रेलची चौदा यंत्रं. सुट्टीत वर्गांना रंग द्यायचा होता, म्हणून यंत्रं कोठारात हलवली. तिथला वॉचमन मोठा मायाळू माणूस. मुलींची यंत्रं कुरकुरतात हे त्याने ऐकलं होतं. त्याने स्वयंपाकघरातून खाण्याचं तेल आणलं आणि मोठ्या प्रेमाने एकेका यंत्रात ओतलं. तीन यंत्रं वरच्या फळीवर होती, तेवढी वाचली. बाकीच्या अकरांत ते तेल उन्हाळाभर आटलं, त्यात रंगकामाची धूळ बसली, आणि शाळा उघडेपर्यंत आत डिंक तयार झाला. कळ दाबली की खाली जायची ती वर यायचीच नाही.

शाळेची शेवटची मोठी परीक्षा नऊ दिवसांवर होती. परीक्षेला तेरा मुली. यंत्र बनवणाऱ्यांनी दुरुस्तीला तीन महिने लागतील असं कळवलं. परीक्षेच्या कचेरीने उत्तरं लिहून घ्यायला माणूस देण्याची तयारी दाखवली, म्हणजे मुलीने सांगायचं आणि त्याने लिहायचं. पण पहिलाच पेपर गणिताचा. लांबलचक गणित तोंडाने सांगायचं, मधली पायरी चुकली तर मागे जाऊन हात फिरवून बघायची सोय नाही. मुली म्हणाल्या, आमचं उत्तर आम्हीच लिहिणार. नाहीतर पुढच्या वर्षी बसू.

गणिताच्या बाई स्वतः अंध होत्या. पडद्यावरचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवणारा कॉम्प्युटर त्या वापरत. त्यांनी दोन दिवस शोधाशोध केली. नव्या, देखण्या वेबसाइट त्यांच्या कॉम्प्युटरला वाचताच येत नव्हत्या. 'चित्र. चित्र. बटण. चित्र,' एवढंच तो म्हणायचा. व्हिडिओत माणसं नुसती हातवारे करून 'हे असं फिरवा' म्हणायची. शोधता शोधता त्या माझ्या सतराव्या पानावर आल्या. कॉम्प्युटर वाचू लागला, 'दोन्ही हात यंत्रावर ठेव आणि थोडा वेळ गप्प बस. डावीकडून बोट खाली ने...' बाईंनी खुर्ची पुढे ओढली. फोटो आले, त्यांची वर्णनंही वाचली गेली; पट्टी कुठे, स्क्रू कुठे, सगळं. बाई ऐकत होत्या आणि समोरच्या यंत्रात त्यांची बोटं बरोबर त्या त्या जागी पडत होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत यंत्र समजावत होतं.

आणि पान संपलं. शेवटची ओळ होती, 'आता स्प्रिंगच्या डब्याचा स्क्रू सैल करायचा आहे, पण त्याआधी'. खाली 'पुढचं पान'. बाईंनी ते दाबलं. पान सापडत नाही, असं उत्तर आलं.

पानाच्या तळाशी दुकानाचा फोन नंबर होता. बाईंनी फिरवला तो झेरॉक्सवाल्याने उचलला. तो भला माणूस. ताई कुठल्या वाचनालयात आहे हे त्याला माहीत होतं. दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून तो स्वतः निरोप घेऊन गेला. ताईने वाचनालयाच्या फोनवरून बाईंना फोन लावला. पलीकडून नमस्कार नाही, ओळख नाही.

"पण त्याआधी काय?" बाईंनी विचारलं.

ताईने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकून घेतलं तेव्हा तिला कळलं की दुसरा भाग जुन्या जागेतच राहिला. तिने दादाला गाठलं. जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्क माळ्यावर पडल्या होत्या. दादाने रजा टाकली, कुठून कुठून जुनी यंत्रं मागून आणली, दिवसभर खटपट केली. एकही डिस्क उघडली नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "गेलं गं ते."

ताई माळ्याच्या शिडीवरच बसली. तिने डोळे मिटले. तिला मामांची वाक्यं आठवेनात, पण त्यांचा अंगठा आठवला. तो फाटलेला, टाके घातलेला अंगठा. 'आधी डबा अंगठ्याने दाबून धर, मग स्क्रू सैल कर. नाहीतर स्प्रिंग सगळी सुटते आणि बोटही जातं, मशीनही जातं.' तिने ते स्वतः टाइप केलं होतं. एक धागा हाती आला तसा पुढचा येत गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ताई शाळेत पोचली. पिशवीत मामांचे पेचकस होते. आजवर तिने एकही यंत्र स्वतःच्या हाताने उघडलेलं नव्हतं, आणि ते तिने आल्या आल्या कबूल करून टाकलं. मुलींमध्ये एक उंच मुलगी होती. यंत्राच्या घंटीची हुबेहूब नक्कल करायची म्हणून तिला सगळ्या घंटी म्हणत. ती म्हणाली, "तुम्ही नुसतं सांगा. उघडायचं काम आमच्या बोटांचं."

आणि तसंच झालं. ताई सांगायची, मुली करायच्या. आतला डिंक स्पिरिटने आणि टूथब्रशने घासून काढायचा होता. त्या आठवड्यात वसतिगृहात दात घासायला ब्रश मिळेना. वॉचमन तर अपराधी चेहऱ्याने पहाटेपासून स्पिरिटची बाटली धरून दारात उभा. पहिलं यंत्र स्वच्छ झालं, जोडायची वेळ आली, आणि ताई थांबली. स्प्रिंग परत बसवताना डबा किती वेढे फिरवायचा? तीन की चार? मामांनी नक्की आकडा सांगितला होता. तो काही केल्या आठवेना. कमी फिरवली तर यंत्र सरकणार नाही, जास्त फिरवली तर स्प्रिंग तुटणार.

डिंकाने अडलेल्या यंत्रांत वेढे धड मोजता येत नव्हते. मग घंटी म्हणाली, "तीन मशीनं चालू आहेत ना. त्यातलं एक उघडून त्याचे वेढे मोजू."

चालू यंत्र उघडायचं म्हणजे हातचं घालवण्याचा धोका. बाईंनी विचार केला. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "अंगठा नीट धरशील?" घंटी हो म्हणाली. तिने डबा दाबून धरला, स्क्रू सैल केला आणि स्प्रिंगला जराही उसळू न देता हळूहळू सोडू लागली. एक, दोन, तीन. आणि वर अर्धा. साडेतीन! ताईच्या तोंडून तोच आकडा त्याच क्षणी निघाला. ऐकल्यावर तिला मामांचा आवाजच आठवला, साडे या शब्दावर जोर देणारा.

साडेतीन वेढ्यांनी पहिलं यंत्र चाललं. घंटीने सहा कळा एकदम दाबल्या, ओळीच्या टोकापर्यंत गेली, आणि खरी घंटी वाजली. खोलीतल्या तेराही मुली एकदम बोलू लागल्या. कोणाचं काही ऐकू येत नव्हतं, आणि कोणाला त्याची पर्वाही नव्हती.

चार दिवसांत दहा यंत्रं तयार झाली. अकराव्याची स्प्रिंग गंजून गेली होती, त्याचे सुटे भाग बाकीच्यांना उपयोगी पडले. तीन आणि दहा, तेरा. एकेकीला एकेक. परीक्षेच्या दिवशी हॉलवर लक्ष ठेवायला आलेले गृहस्थ सुरुवातीला म्हणत होते की यंत्रांच्या एवढ्या आवाजात मुली लिहिणार कशा. पेपर संपला तेव्हा तेच म्हणाले की असा आवाज रोज ऐकायला मिळाला तरी चालेल. तेराही मुली पास झाल्या. घंटीला गणितात त्या केंद्रावरच्या सगळ्या मुलामुलींपेक्षा जास्त गुण मिळाले.

त्यानंतर माझे दिवस पालटले. ताईने सतराव्या पानाचा दुसरा भाग पुन्हा लिहिला. या वेळी सांगणाऱ्या त्या तेरा मुली होत्या. माझे बंद पडलेले रस्ते तिने एकेक करून दुरुस्त केले. मुलींनी आपली पानं जोडली. वॉचमननेही एक पान सांगितलं, 'तेल कुठे घालू नये'. ते माझं सगळ्यात लोकप्रिय पान आहे. दूरदूरच्या अंध शाळांमधून पत्रं येतात. मामांची वाक्यं मला कधी न ऐकलेल्या भाषांमध्ये गेली आहेत.

आणि दादा? त्याच्या कंपनीने बनवलेली मोठी देखणी वेबसाइट अंध लोकांना वापरता येत नाही, अशी तक्रार आली तेव्हा त्याने ताईला ऑफिसात बोलावलं. बारा हुशार इंजिनिअर टेबलाभोवती बसले होते. ताईने सगळ्यांना एक फोटो दाखवला आणि त्यात काय आहे ते लिहायला सांगितलं. बाराही जणांनी लिहिलं, 'यंत्राचा फोटो'. ताई म्हणाली, "आता डोळे मिटा आणि एकमेकांचं ऐका. कोणाला काही दिसलं?" कोणालाच दिसलं नाही. मग तिने त्यांना मामांसारखं सांगायला शिकवलं. संध्याकाळी निघताना दादा दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तुझ्या त्या वेबसाइटचं रूप बदलू नकोस हं. कोणी कितीही सांगितलं तरी." आजवर ते कोण सांगत होतं, याची ताईने त्याला आठवण करून दिली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी हातात एखादी विद्या असेल. कोणी कुलूप उघडत असेल, कोणी रोपं जगवत असेल. त्यांच्याजवळ बसा, विचारा, जसं बोलतील तसं लिहून घ्या. न पाहणाऱ्यालाही कळेल असं लिहा. आणि लिहून झालं की ते वाऱ्यावर सोडू नका. अधूनमधून उघडा, 'पुढचं पान' दाबून पाहा, ते खरंच पुढे जातंय ना. कारण कोण कधी, किती निकडीने तिथे येऊन उभं राहील, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

मला भेटावंसं वाटलं तर खुशाल या. रात्री-अपरात्री आलात तरी चालेल. दार लावून घ्यायची सोय माझ्याकडे मुळातच नाही.